हळबे जामीन राहत नाहीत

सुरेंद्र हळब्यांबद्दल महापालिकेच्या पाणीपट्टी विभागात एक गोष्ट शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. हा माणूस अडल्यानडल्याला हजार-पाचशे देईल, रक्त देईल, कुणी रजेवर गेलं तर त्याचं टेबल निमूट सांभाळेल. पण जामीन राहणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीत किती जण कर्जाचा फॉर्म घेऊन त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले असतील, त्याची गणती नव्हती. हळबे चष्मा काढत, रुमालानं पुसत आणि म्हणत, "चहा घ्या, पण सही नको." नवा माणूस एकदा विचारून बघायचा. जुने विचारतच नसत.

यामागचं कारण मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं. हळब्यांचे वडील, म्हणजे घरातले दादा, खडकीच्या एका कारखान्यात टर्नर होते. शेजारच्या लेथवरच्या मित्रासाठी ते पतपेढीत जामीन राहिले. मित्रानं कर्ज उचललं, चार हप्ते भरले आणि एके दिवशी बायकामुलांसकट गाव सोडून गेला. पुढची सहा वर्षं वडिलांच्या पगारातून कपात होत राहिली. त्याच सहा वर्षांत सुरेंद्र बारावी झाला. इंजिनिअरिंगला जाण्याएवढे मार्क होते, फी नव्हती. त्यानं संध्याकाळच्या कॉलेजात बी.कॉम. केलं आणि महापालिकेत चिकटला. वडील त्या मित्राला कधी शिवी देत नसत. एवढंच म्हणत, उसनं द्यावं, दान करावं, पण जामीन राहू नये.

हळब्यांनी तोच घरचा कायदा केला. लग्न झाल्यावर आपण कारलं खात नाही हे बायकोला सांगायच्या आधी त्यांनी हे सांगितलं होतं. पद्मजाताई शाळेत शिक्षिका, कायम नोकरीतल्या. त्यांच्याकडेही फॉर्म येत. त्याही पंचवीस वर्षं नकार देत आल्या होत्या.

तर मे महिन्यातल्या एका रविवारी हळबे आपली स्कूटर घेऊन इम्तियाज अत्तारच्या गॅरेजवर गेले. पिंपळे गुरवात पिठाच्या गिरणीला लागून हे गॅरेज होतं आणि हळबे तिथलं सोळा वर्षांचं गिऱ्हाईक. ऑइल बदलायचं होतं. बाकावर त्यांच्याच ऑफिसातला, आस्थापना विभागातला रविराज बसला होता. त्यानं सहज विचारलं, "साहेब, तुम्हालाही विचारलं का इम्तियाजभाईनं? अल्फियाच्या कर्जाचं?"

हळब्यांना काही ठाऊक नव्हतं. रविराजनं हळू आवाजात सगळं सांगितलं. इम्तियाजची मुलगी अल्फिया शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाली होती. वर्षभर चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून जात होती. आता गुजरातमधल्या एका सरकारी संस्थेत वाहनं डिझाइन करायच्या दोन वर्षांच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. राज्याबाहेर गेल्यामुळे इथली शिष्यवृत्ती लागू होत नव्हती. सरकारी महामंडळाचं कमी व्याजाचं शैक्षणिक कर्ज मात्र मिळत होतं, फेड शिक्षण संपल्यावर. त्यासाठी दोन जामीन हवे होते, पक्क्या सरकारी नोकरीतले नाहीतर स्वतःच्या मालमत्तेचे. बापलेक महिनाभर तेच शोधत होते. "मला विचारलं," रविराज म्हणाला, "पण माझंच घराचं कर्ज डोक्यावर. कसं जमणार?"

हळबे सावध झाले. आता आपली पाळी, हे त्यांनी ओळखलं. इम्तियाज हात पुसत आला तेव्हा त्यांनी मनात नकार तयार ठेवला होता. पोरीचं कौतुक आधी, मग वडिलांचा दाखला, मग चष्मा पुसणं. पण इम्तियाजनं ऑइलचे पैसे घेतले, चेन ढिली आहे, पुढच्या वेळी बघू, असं सांगितलं आणि तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

बुधवारी हळबे हॉर्न नीट वाजत नाही म्हणून पुन्हा गेले. हॉर्न नीटच वाजत होता. इम्तियाजनं तो दोनदा वाजवून दाखवला आणि पैसे घेतले नाहीत. कर्जाचं अवाक्षर काढलं नाही. शुक्रवारी ब्रेकसाठी गेले, तेव्हाही नाही. घरी परतताना आपल्याला राग येतोय हे हळब्यांच्या लक्षात आलं आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं. न विचारल्याचा राग कशाला यावा? पण येत होता. रविराजला विचारलं, बँकेतल्या माणसाला विचारलं, गिरणीवाल्याच्या मेहुण्यालासुद्धा विचारलं म्हणे. आणि सोळा वर्षांच्या गिऱ्हाइकाला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी गाडीचं काही निमित्त केलं नाही. सरळ जाऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "इम्तियाज, मला का नाही विचारलंस?"

इम्तियाजला काय ते लगेच कळलं. तो हातातला पाना खाली ठेवून समोर बसला.

"अल्फियानं यादी केली होती साहेब. तुमचं नाव तिसरं होतं. मीच खोडलं. तुम्ही नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. आणि नाही म्हटलं की माणूस लाजतो, मग गाडी दुसरीकडे न्यायला लागतो. दोघं तसे गेले माझे. म्हटलं, जामीन नको, हळबेसाहेब तरी राहू देत."

यावर हळब्यांनी तयार केलेला नकार कुठेच बसेना. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, पोरगी नक्की काय शिकणार आहे ते तरी बघू दे.

अल्फिया गॅरेजच्या मागच्या खोलीतून आली. तेवीस वर्षांची, उंच, कानामागे पेन्सिल. ती फार बोलली नाही. एका जुन्या स्कूटरकडे बोट करून म्हणाली, "काका, ही डबल स्टँडला लावून बघा."

हळब्यांच्या मणक्यात गॅप होता. गाडी डबल स्टँडला लावणं डॉक्टरांनी त्यांना बंद केलं होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते वॉचमनला हाक मारत. त्यांनी तसं सांगितलं. अल्फिया म्हणाली, म्हणूनच लावून बघा. स्टँडला तिनं पायानं दाबायची एक पट्टी जोडली होती, आत स्प्रिंग आणि बेअरिंग. हळब्यांनी भीतभीत पाय ठेवला, जरा भार दिला आणि गाडी अलगद मागे सरकून स्टँडवर उभी राहिली. कमरेला पत्ताही लागला नाही. त्यांनी ती खाली घेतली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. अल्फियानं सांगितलं की तिची आई हसीना गुडघ्यांमुळे गाडी चालवायची सोडून बसली होती, तिच्यासाठी हे केलं. कंपनीत साहेबांना दाखवलं; छान आहे म्हणाले आणि तिला परत नटबोल्ट तपासायला पाठवलं. नुसतं छान असून चालत नाही, ते नीट कसं मांडायचं, हजार माणसांच्या अंगाला कसं जुळवायचं, हे शिकल्याशिवाय कुणी ऐकणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

हळब्यांनी सातव्यांदा गाडी स्टँडला लावली आणि मग जे विचारायचं ते विचारलं. "तू कर्ज फेडशील कशावरून?"

इम्तियाज काही बोलणार होता, पण अल्फियानंच उत्तर दिलं. "खात्रीनं नाही सांगता येत काका. नोकरी लागेल असं वाटतं. नाही लागली तर अब्बांबरोबर इथे काम करेन आणि त्यातून फेडेन, वेळ लागेल. पण मी कुठे निघून जाणार नाही. विचारायला याल तेव्हा सापडेन."

हळब्यांनी चष्मा काढला. रुमाल शोधला, पण काच पुसली नाही. वडिलांच्या त्या मित्राचा पत्ता वडील वर्षानुवर्षं लोकांना विचारत असत. पैशांसाठी नव्हे, भेट व्हावी म्हणून. हे त्या पोरीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"फॉर्म आण," ते म्हणाले. "आणि इम्तियाज, एक गोष्ट. आमच्या घरी हे कळता कामा नये. शपथ घे."

इम्तियाजच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी विचित्र येऊन गेलं. मग त्यानं शपथ घेतली.

पुढचे आठ दिवस हळब्यांनी चोरासारखे काढले. पगारपत्रक काढलं ते टिफिनच्या पिशवीत लपवून. नोकरीचा दाखला हवा म्हणून रविराजकडे गेले, तर त्यानं अर्ज दोनदा वाचला, मागची बाजू बघितली आणि हा तुमचाच का, असं विचारलं. हळब्यांनी त्याला कुणाला सांगू नको म्हटलं. त्यानं संध्याकाळपर्यंत तरी कुणाला सांगितलं नाही. घरी मात्र त्यांना पद्मजाताईंच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. बायकोच्या आधी उठून ते चहा करू लागले. पद्मजाताईंनीही त्या आठवड्यात दोनदा न मागता पुरणपोळी केली, पण हळबे स्वतःच्याच गुन्ह्यात इतके बुडाले होते की पुरणपोळी का, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

जामिनांनी महामंडळाच्या पुण्यातल्या ऑफिसात स्वतः येऊन सही करायची होती. इम्तियाजनं त्यांना गुरुवारी सकाळी अकराला बोलावलं आणि साडेअकरापर्यंत मोकळे व्हाल, असं चार-चारदा सांगितलं. हळब्यांनी घरी सांगितलं, पाणीगळतीची मीटिंग आहे. पद्मजाताई म्हणाल्या, त्यांनाही दुपारी प्रशिक्षण आहे, यायला उशीर होईल.

अकराला हळबे हजर होते. टेबलावर मिनल नावाची तरुण अधिकारी होती, शांत, चटपटीत. तिनं कागद घेतले आणि सांगितलं, सर्व्हर बंद आहे, थोडं बसावं लागेल. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. हळबे निवांत बसले होते, पण इम्तियाज सारखा दारात जाऊन रस्ता बघत होता आणि परत येऊन त्यांना खाली चहा प्यायला चला, म्हणून आग्रह करत होता. हळबे म्हणाले, चहा झालाय. इम्तियाज म्हणाला, मग नाश्ता करू. बारा वाजता सर्व्हर सुरू झाला आणि त्याच वेळी दारातून पद्मजाताई आत आल्या. खांद्याला शाळेची पिशवी, हातात प्लॅस्टिकची फाइल, मागे हसीना आणि अल्फिया.

हळबे उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ते इतके कधी दचकले नव्हते. बायकोला आपण इथे आहोत हे कुणी सांगितलं, रविराजनं की इम्तियाजनं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात आला. पद्मजाताईही जागीच थांबल्या होत्या.

"पाणीगळतीची मीटिंग इथे आहे का?" त्यांनी विचारलं.

हळबे म्हणाले, "प्रशिक्षण?"

आणि मग त्यांची नजर बायकोच्या फाइलवर गेली. तिच्यातून एक पगारपत्रक डोकावत होतं.

झालं होतं ते असं. अल्फिया सातवीत पद्मजाताईंच्या वर्गात होती. हसीना घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. पद्मजाताईंच्या साड्या तिच्याकडेच जात. साडी आणायला गेल्या असताना हसीनाचा चेहरा उतरलेला दिसला, विचारलं, तिनं सांगितलं, आणि पद्मजाताई तिथल्या तिथे हो म्हणून गेल्या. त्यांची अट एकच होती, घरी कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी हळब्यांनी गॅरेजमध्ये तीच अट घातली. इम्तियाज दोन शपथांच्या मध्ये सापडला. अल्फियाचं म्हणणं होतं, सांगून टाकावं. पण शपथ ती शपथ. शेवटी बापानं साहेबांना अकराची आणि मॅडमना बाराची वेळ दिली आणि सर्व्हरनं त्याचा घात केला.

हे सगळं इम्तियाजनं मान खाली घालून सांगितलं. हळबे बायकोकडे बघत होते. "मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"तुम्हाला त्रास झाला असता. तुमच्या दादांची आठवण निघाली असती," पद्मजाताई म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

हळबे मिनलच्या टेबलावरच्या आपल्या फॉर्मकडे बघू लागले. कायदा आपणच केला, बायकोकडून पंचवीस वर्षं पाळून घेतला आणि आपणच मोडला, हे तोंडानं कसं सांगायचं? पण पद्मजाताईंना आधी हसू आलं. त्यांनी तोंडावर पदर धरला तरी ते थांबेना. मग हसीनाला आलं, आणि ती हसतेय बघून हळब्यांनाही. महामंडळाच्या ऑफिसात इतर टेबलांवरचे लोक माना वळवून बघू लागले.

मिनल मात्र दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून वाचत होती. ती म्हणाली, "दोघांचा पत्ता एकच आहे. तुम्ही पतीपत्नी आहात का? एका घरातले दोन जामीन आम्हाला चालत नाहीत. एकालाच राहता येईल."

हसू थांबलं. पुढच्या पाच मिनिटांत त्या ऑफिसानं एक भांडण बघितलं, तसं तिथे आधी कधी झालं नसावं. कारण जामिनकीतून अंग काढणारे तिथे बरेच येत, ती आपल्याच पदरात पडावी म्हणून भांडणारं जोडपं आलं नव्हतं. हळब्यांचं म्हणणं, आपण सगळं तपासून, विचार करून ठरवलं आहे. पद्मजाताईंचं म्हणणं, मुलगी माझ्या वर्गातली, आणि मी एक दिवस आधी हो म्हटलं. शेवटी निकाल मिनलनं दिला. हळब्यांच्या दाखल्यावर निवृत्तीची तारीख होती. नोकरी चारच वर्षं उरली होती. दोन वर्षं कोर्स आणि पाच वर्षं फेड धरली तर ती पुरत नव्हती. पद्मजाताईंची नऊ होती.

म्हणजे हळबे बाद. उभ्या आयुष्यात एकदाच जामीन राहायला निघाले, तर सरकारनं नको म्हटलं. ते खुर्चीवर बसले आणि आपल्याला चक्क वाईट वाटतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. पद्मजाताईंनी सही केली. दुसरा जामीन पुढच्या शुक्रवारपर्यंत आणा, मिनलनं सांगितलं. त्यानंतर मंजुरी येऊन संस्थेची फी वेळेत जाणार नाही.

परतताना पद्मजाताई स्कूटरवर मागे बसल्या. येताना त्या मेट्रोनं आल्या होत्या. दापोडीच्या सिग्नलला गाडी थांबली. मग हळबे म्हणाले, "दुसरा जामीन मी शोधतो." पद्मजाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच.

शोधतो म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवसापासून हळबे ऑफिसात फॉर्म घेऊन टेबलाटेबलाशी जाऊ लागले. लोक आधी चकित झाले, मग त्यांनी खुर्ची दिली, मग नाही म्हटलं. कुणाचं घराचं कर्ज, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाला बायकोला विचारावं लागणार होतं. एकानं चष्मा काढून पुसायला घेतला तेव्हा हळबे त्याचं बोलणं संपायच्या आधीच उठले. नाही म्हणणाऱ्याचं मन त्यांना पुरतं ठाऊक होतं. नाही ऐकणाऱ्याचं मात्र आता कळत होतं. संध्याकाळी हळबे गॅरेजवरून जाताना इम्तियाज लांबूनच बघायचा आणि ते नकारार्थी मान हलवायचे. अल्फिया एकदा पुढे येऊन म्हणाली, काका, नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. त्यानं हळब्यांना अधिकच लागलं.

असे पाच दिवस गेले. बुधवारी दुपारी हळब्यांच्या टेबलासमोर चिमाजी येऊन बसले. तळवड्याचे हे गृहस्थ सत्तरीच्या घरातले. स्वतःच्या मालकीचे गाळे, दोन चाळी, डोक्यावर टोपी, बोटात जाड अंगठी. चाकणकडची त्यांची जमीन एमआयडीसीत गेली होती. चाळीच्या मीटरचं रीडिंग चुकीचं येतं, या एकाच मुद्द्यावर अकरा वर्षं ते दर दोन महिन्यांनी हळब्यांशी भांडायला येत आणि हळबे दर वेळी रीडिंग बरोबर असल्याचं दाखवून देत. त्या दिवशी हळब्यांनी बिल हातात घेतलं, पण बोलले काहीच नाहीत.

चिमाजींनी थोडी वाट बघितली. "सायेब, आज भांडायला मजा न्हाई. काय झालंया?"

हळब्यांनी सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. मुलगी, तिचा तो स्टँड, संस्था, महामंडळ, आपली बाद झालेली सही, शुक्रवार. चिमाजी बिल घडी करत ऐकत होते.

"पोरगी गाड्या काढनार म्हंता? कागदावर?"

"आधी कागदावर. मग तशी गाडी बनते."

"आमच्या वावरात आता गाड्या बनत्यात," चिमाजी म्हणाले. "ज्वारी व्हती तितं. रोज हजारांनी भायेर पडत्यात, मी बगतो की. त्या कुनाच्या तरी डोक्यातनंच निगत असतील. त्यो मानूस कोन, कुटला, आमी कदी बगितला न्हाई. मंग एकांदी हितल्या पोरीच्या डोक्यातनं निगाली तर काय वाईट हाय? माझ्या गाळ्यांचं कागद चालत्याल का?"

हळब्यांनी फॉर्मसाठी ड्रॉवर उघडला. आणि मग, तीस वर्षांची सवय, त्यांना भलतीच शंका आली. ते सावरून म्हणाले, "चिमाजीभाऊ, कागद चालतील. पण आधीच सांगतो, पाणीपट्टीत एक रुपयाही कमी होणार नाही."

चिमाजींनी त्यांच्याकडे जरा दुखावल्यासारखं बघितलं. "त्ये येगळं. त्याचं भांडान सोमवारी."

गुरुवारी चिमाजी आधी गॅरेजवर आले. कुणी न सांगता त्यांनी ती जुनी स्कूटर स्टँडला लावून बघितली, हसीनानं केलेला शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला आणि अल्फियाला विचारलं, शेतातल्या रस्त्यावर चालंल आशी गाडी काडशील का. ती म्हणाली, काढेन, पण आधी तुम्ही कसे बसता-उतरता ते बघावं लागेल. त्यावर चिमाजी तिच्यासमोर तीन वेळा मोटरसायकलवर बसून उतरले आणि ती वहीत काहीतरी मापं लिहीत राहिली. हळबे आणि इम्तियाज घड्याळ बघत उभे होते.

महामंडळात मिनलनं गाळ्यांचे उतारे तपासले. सगळं नीट होतं. फॉर्मवर एक रकाना राहिला होता. जामिनाचं अर्जदाराशी नातं काय, असं तिनं विचारलं.

चिमाजींनी क्षणभर विचार केला. "शेजारी लिवा. तळवडं काय लांब हाय?"

मिनलनं तसं लिहिलं. चिमाजींनी जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत सही केली. इम्तियाज त्यांच्या पाया पडायला वाकला, तसा त्यांनी त्याला मधेच धरून उभं केलं आणि माझ्या बुलेटचा आवाज बदललाया, त्येवडं बग, असं सांगितलं. हळबे बाजूला उभे होते. त्यांची सही कुठेच नव्हती, तरी पेढे आणायला तेच गेले आणि जास्तीचे घेऊन आले.

मंजुरीचं पत्र फीच्या तारखेच्या दोन दिवस आधी आलं. पहिला हप्ता थेट संस्थेच्या खात्यात गेला. जुलैत अल्फिया निघाली तेव्हा स्टेशनवर हसीना रडली, इम्तियाज नुसताच बॅगांची चाकं तपासत राहिला आणि पद्मजाताईंनी मुलीला शाळेत सांगावं तशा सूचना केल्या; रोज भाजी खा, कागद जपून ठेव, कुणी हसलं तर हसू दे. गाडी हलली तेव्हा फलाटावरून चार पावलं हळबे तिच्याबरोबर चालले आणि मग मणका आठवून थांबले.

त्या रात्री जेवताना पद्मजाताईंनी विचारलं, आता घरच्या कायद्याचं काय? हळब्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं की कायदा राहू दे, पण शिकणाऱ्याला लागू नाही. तशी दुरुस्ती दादांनीही मान्य केली असती. पद्मजाताई म्हणाल्या, त्यांनी तर आधीच केली असती, तुम्हीच वेळ लावला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी हळबे आणि पद्मजाताई गॅरेजवर बसले होते. हसीना चहा घेऊन आली होती, चिमाजींची बुलेट अर्धी उघडलेली होती आणि चिमाजी तिच्याजवळ स्टूल टाकून इम्तियाजला चुका दाखवत होते. तेवढ्यात अल्फियाचा फोन आला. इम्तियाजनं तो स्पीकरवर टाकला. ती मजेत होती. खोलीत केरळची मुलगी होती, मेसच्या डाळीत गूळ असायचा, त्याची सवय होत होती. शिकणं कसं चाललंय, असं हळब्यांनी विचारलं.

"पहिला महिना गाड्या नाहीतच काका. सर म्हणतात, आधी कप काढा. चहाचा कप. दोनशे कप काढायचेत."

इम्तियाजनं हळब्यांकडे बघितलं. त्याच्या मनात काय आलं ते सगळ्यांना दिसत होतं. दोन जामीन, गाळ्यांचे उतारे, महामंडळ, आणि कप.

"कप?" तो म्हणाला.

हळब्यांनी घसा साफ केला. इंजिनिअरिंगला न गेलेल्या माणसानं छत्तीस वर्षं जे काही मनात वाचून ठेवलं होतं ते बाहेर यायला ही वेळ बरी होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की कप धरायला हात लागतो, हात कसा वळतो हे कळलं की हँडल कळतं, आणि हँडल कळलं की... चिमाजी मान डोलवत होते. इम्तियाजला अर्धं पटलं होतं.

हसीनानं हातातला ट्रे बाकावर ठेवला आणि फोनकडे वाकून म्हणाली, "कप तर कप बेटा. नीट काढ. घाई करू नकोस."

"एकशे बारा झाले अम्मी," अल्फिया म्हणाली.